खुराक कोणाच्या घरचा?

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर वसले आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते महाराष्ट्रभर ठाऊक आहे. परंतु विदर्भाच्या या जुन्या राजधानीशी, कुंडिनपुराशी, महाभारताच्या वनपर्वातली आणखी एक कथा बांधलेली आहे. खेळाभोवती गुंफलेल्या कौटुंबिक चित्रपटाचे मूळ शोधत आपण मागे मागे गेलो, तर त्या कथेपाशी येऊन थांबावे लागते. निषध देशाचा राजा नल आपल्या भावाशी, पुष्कराशी, फाशांचा डाव मांडतो आणि राज्य हरतो. डाव हाताबाहेर गेल्याचे ओळखून विदर्भकन्या दमयंती दोन्ही लेकरे सारथ्याबरोबर माहेरी कुंडिनपुराला धाडते. पुढे वनात पतिपत्नींची ताटातूट होते. नल रूप बदलून, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी आणि आचारी म्हणून राबू लागतो. त्याचा माग लागल्यावर दमयंती ऋतुपर्णाला निरोप पाठवते, की उद्याच माझे दुसरे स्वयंवर आहे. अयोध्या ते कुंडिनपूर हे शंभर योजनांचे अंतर एका दिवसात तोडणारा सारथी जगात एकच, हे तिला पक्के ठाऊक असते.

ती दौड व्यासांनी फार रंगून सांगितली आहे. ऋतुपर्णाचे उपरणे उडते, तो रथ थांबवायला सांगतो, तोवर ते योजनभर मागे पडलेले असते. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. त्याची पाने आणि फळे किती हे ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो, नल खाली उतरून मोजून खात्री करतो आणि तिथल्या तिथे विद्यांची देवाणघेवाण ठरते. नल घोड्यांचे मर्म देणार, ऋतुपर्ण फाशांचे. (मेळघाटात फिरलेल्यांना बेहड्याचे झाड दाखवावे लागत नाही.) संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो आणि त्याच्या घरघराटाने तबेल्यातले नलाचे जुने घोडे हर्षाने उसळतात. पण शर्यत संपली तरी कथा संपत नाही, तिचा गाभा पुढेच आहे. दमयंती दासीकरवी बाहुकाने रांधलेले अन्न मागवते, चाखते आणि हाताची चव ओळखते. मग दोन्ही मुलांना त्याच्याकडे धाडते, आणि इतका वेळ स्वतःला लपवून राहिलेला तो माणूस मुलांना छातीशी धरून रडू लागतो. पुढे तो पुष्कराशी पुन्हा डाव खेळतो, सारे जिंकतो आणि भावाला त्याचा वाटा देऊन माफही करतो. ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात ती युधिष्ठिराला, म्हणजे डावात सर्वस्व हरून वनात बसलेल्या माणसाला. हरलेला खेळाडू, मोडलेले घर, अंगात मुरलेली विद्या, अशक्य वाटणारी दौड आणि जिंकण्याहून मोठी ठरणारी घरातली भेट, असा आज आपण चित्रपटगृहात पाहतो तो सगळा आराखडा इथे तयार आहे. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांनी हे आख्यान मराठीत आणले. १९२० च्या सुमारास मादन कंपनीसाठी युजेनियो दि लिग्वोरो या इटालियन दिग्दर्शकाने त्याचा मूकपट केला.

दमयंतीने पतीला ओळखले ते अन्नावरून, ही गोष्ट आपण पुढच्या वाटेसाठी जवळ ठेवू. कारण खेळाडूच्या कथेत खरा पेच बहुधा मैदानात नसतो, स्वयंपाकघरात असतो. अंग कमवायला दूध-तूप लागते, बदाम लागतात, पोटभर भाकरी लागते. ते कोणाच्या घरून यायचे? माझ्या मते या चित्रपटांनी डोळ्यांत पाणी आणले ते दर वेळी याच प्रश्नापाशी. आणि या प्रश्नाचे उत्तर शतकागणिक बदलत गेले आहे.

सर्वांत जुने उत्तर सोपे होते: राजाने. कल्याणीच्या चालुक्य वंशातला तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘मल्लविनोद’ असे प्रकरणच आहे. मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार, सराव आणि राजासमोरच्या झुंजी यांचे त्यात तपशीलवार वर्णन येते. मल्ल हा राजाच्या खर्चाने पोसलेला, राजाच्या करमणुकीसाठी झुंजणारा माणूस, त्याला घर असेल तर ते ग्रंथाबाहेर. ही रीत पेशवाईपर्यंत चालत आली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्याला आव्हान देत आले आणि बाळंभट्टदादा देवधरांनी ते स्वीकारले, ही मल्लखांबाच्या पुनर्जन्माची कथा आखाड्यांतून आजही सांगितली जाते. वऱ्हाडची स्थिती मात्र निराळी होती. इथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला, देवगावच्या तहाने भोसल्यांचा हात इथून बराचसा निघाला, १८५३ मध्ये प्रांत इंग्रजांकडे लावून दिला गेला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला. कोल्हापूरच्या पैलवानाला शाहू महाराजांसारखा धनी होता, १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान होते. वऱ्हाडच्या पैलवानाला राजवाडाच नव्हता. इथल्या आखाड्याला पहिल्यापासून लोकांच्या ओसरीवर उभे राहावे लागले, आणि अमरावतीचे क्रीडाजीवन वेगळ्या वळणाने घडले त्याचे एक कारण मला यात दिसते.

दरम्यान मुंबईत एक घटना घडून गेली होती, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या छायाचित्रकाराने इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्याने हँगिंग गार्डनजवळ पहिले चित्रण केले ते कशाचे, तर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांच्या कुस्तीचे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला अजून चौदा वर्षे अवकाश होता. भारतीय माणसाच्या कॅमेऱ्यासमोर देवांच्याही आधी मल्ल उभे राहिले! पण त्या फितीत फक्त दोन देह आहेत. हे दोघे कुठून आले, घरी कोण वाट पाहत होते, जिंकणाऱ्याने त्या रात्री काय खाल्ले, हे विचारणारा चित्रपट यायला फार काळ जायचा होता.

१९१४ मध्ये अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखला गेला. राजवाडा नसलेल्या गावात दोन भाऊ व्यायामाची संस्था उभी करतात आणि गाव ती आपली मानते, हे खुराकाच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर होते. धन्याच्या जागी समाज आला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतूतू अशा देशी खेळांना शिस्त, पोशाख, अभ्यासक्रम देण्याचे काम मंडळाने अंगावर घेतले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे हुतूतू आणि मल्लखांबासह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आपण क्षणभर त्या काळातली अमरावती डोळ्यांसमोर आणावी. कापसाच्या गाड्या, जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या, बडनेऱ्याहून गावात येणारा रेल्वेचा फाटा, आणि त्या गावातून बोटीने युरोपात जाणारी तालमीतली पोरे. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८–१ असे हरवून हॉकीचे सुवर्ण जिंकले. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांत गेली, अमरावतीकरांची मागे राहिली.

त्या बर्लिनला कॅमेरेही होते. लेनी रिफेनश्टालचा ‘ऑलिंपिया’ १९३८ मध्ये प्रदर्शित झाला, आणि धावणारा, उडी घेणारा देह पडद्यावर कसा दाखवावा याची पुढच्या पिढ्यांची व्याकरणे त्यातून निघाली. पण सावेदादाच्या फितीसारखाच तोही देहांचाच चित्रपट होता, शिवाय एका क्रूर सत्तेच्या पैशावर पोसलेला. घराचा धागा दुसरीकडे आधीच विणला गेला होता. १९३१ चा अमेरिकन चित्रपट ‘द चॅम्प’ पाहा. किंग व्हिडोरने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात वॅलेस बीरी हा दारूत बुडालेला जुना मुष्टियोद्धा आहे आणि जॅकी कूपर त्याचा लहानगा मुलगा. बाप मुलासाठी पुन्हा रिंगणात उतरतो, जिंकतो आणि मरतो. रिंगणात बाप आणि दोरीबाहेर लेकरू ही मांडणी जगभर गेली, आणि बाप-लेकरांची अदलाबदल करून ती आजतागायत वापरली जाते.

जगातले हे चित्रपट वऱ्हाडात पोचायचे कसे, याचाही इतिहास आहे, आणि त्यात अमरावतीचा मान मोठा आहे. हिंदी चित्रपटाच्या व्यापाराने देशाचे जे वितरण-विभाग पाडले त्यांतल्या एकाचे नाव ‘सी.पी. बेरार’. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा इंग्रजी प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला. १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या वह्यांत प्रांत जसाच्या तसा राहिला. आजही एखादा चित्रपट किती चालला हे सांगताना व्यापारी ‘सी.पी. बेरार’चा आकडा वेगळा सांगतात. त्या विभागाची वितरण कार्यालये अमरावतीला आणि भुसावळला होती. मुंबई–नागपूर लोहमार्गावर पत्र्याच्या पेट्यांतून रिळे यायची आणि अकोला, खामगाव, अचलपूर, यवतमाळ अशी फिरायची. अमरावतीत चित्रा चौक, श्याम चौक ही नावे अजून टॉकीजचा काळ सांगतात. वऱ्हाडच्या माणसाला खेळाची गोष्ट आखाड्यात दिसत होती आणि कुटुंबाची गोष्ट टॉकीजमध्ये. दोन्ही एकाच गावात होत्या, पण अजून एकत्र आल्या नव्हत्या.

त्या एकत्र येण्याचा एक देशी पूर्वज मात्र शेजारीच होता आणि चित्रपटाच्या इतिहासात त्याची नोंद कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, सुगीनंतर गावोगाव शंकरपट भरतो. दिवसभर बैलजोड्या धावतात आणि रात्री त्याच गर्दीपुढे नाटक उभे राहते, पहाटेपर्यंत चालणारे, बहुतेक वेळा घरातल्याच दुःखाचे: सावत्र आई, फाटलेले भाऊ, हुंड्यापायी जळणारी मुलगी. दिवसा ओरडून घसा बसवलेला माणूस रात्री धोतराच्या सोग्याने डोळे पुसतो. शर्यत आणि घरची रडकथा एका प्रेक्षकाच्या एका दिवसात बसवण्याची ही युक्ती झाडीपट्टीला कोण्या परदेशी चित्रपटाने शिकवलेली नाही. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट असाच नावाजलेला. त्या पटाचा बैलही घरचाच असतो. पोरांआधी त्याच्यापुढे पेंड पडते, त्याच्या खुराकासाठी घरातले दूध आटते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षे ज्या घरांनी पळणार नसलेली जोडी विकली नाही, त्या घरांत एकेक चित्रपट आहे.

आता आपण या वाटेवरच्या सर्वांत मोठ्या वळणाशी येतो. ते पडद्यावरचे नव्हे, प्रत्यक्षातले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांचा हात होता. तिथे ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत संस्थाने गेलेली होती. नव्या सरकारकडून पुरेसे पैसे मिळाले नाहीत. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. त्या पैशावर खाशाबा गेले आणि २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांत मल्लाचा धनी बदलला होता: १९४८ मध्ये राजवाडा, १९५२ मध्ये एका शिक्षकाचे घर. राजाने दिलेला पैसा कृपा असते, तो गेला तर राजाचे काही मोडत नाही. गहाण पडलेल्या घरावर मात्र एका कुटुंबाचे छप्पर असते. खेळाडू हरला तर कोणाची चूल विझेल हा प्रश्न त्या दिवशी खेळाच्या गोष्टीत शिरला, आणि माझ्या दृष्टीने आपल्याकडचा कौटुंबिक खेळपट त्या गहाणखतात जन्मला. खाशाबांवरचा चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी हाती घेतला आहे. खर्डेकरांच्या घराला त्यात किती जागा मिळते याची मी उत्सुकतेने वाट पाहतो आहे.

पडद्याने ही गोष्ट उचलायला वेळ घेतला. १९५९ च्या ‘लव्ह मॅरेज’मध्ये देव आनंद क्रिकेटपटू होता, पण तो खेळ नायकाच्या रुबाबापुरता. मराठीत भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ने १९६९ मध्ये गाव, घर आणि बैलजोडीचा अभिमान एका पडद्यावर आणला. दादा कोंडक्यांचे पदार्पण याच चित्रपटातले. त्यातले सर्जाच्या दौडीचे गाणे, आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले, शर्यतींच्या गर्दीत अजून वाजते. पण खुराकाचा हिशेब उघडपणे मांडणारा चित्रपट बंगालमधून आला. १९८१ चा बंगाली ‘साहेब’ तापस पालने केला आणि १९८५ मध्ये अनिल गांगुलींनी तो हिंदीत आणला, अनिल कपूर, राखी आणि उत्पल दत्त यांना घेऊन. घरातला धाकटा मुलगा फुटबॉलचा गोलरक्षक आहे. थोरल्यांच्या लेखी तो खाऊन-पिऊन उनाडणारा. बहिणीचे लग्न पैशावाचून अडते, कमावते भाऊ अंग काढून घेतात, तेव्हा हा मुलगा आपले मूत्रपिंड विकतो. त्याबरोबर त्याचा खेळही संपतो. इथे सारा हिशेब उलटा झाला आहे. आजवर घर खेळाडूचे अंग पोसत होते, इथे खेळाडू आपले अंग मोडून घराला देतो. या चित्रपटाला आज अतिरेकी म्हणून हसणे सोपे आहे. मी मात्र तो या प्रकारातला सर्वांत धीट चित्रपट मानतो, कारण त्याने कुटुंबाला पवित्र मानले नाही. कुटुंब खेळाडूला खाऊही शकते, हे त्याने सांगितले.

पुढची वीस वर्षे झरझर गेली. १९९२ च्या ‘जो जीता वही सिकंदर’मध्ये थोरला भाऊ जायबंदी होतो आणि उडाणटप्पू धाकटा त्याची सायकलची शर्यत आपल्या अंगावर घेतो. २००१ च्या ‘लगान’ने कुटुंबाच्या जागी अख्खे गाव उभे केले. २००५ मध्ये नागेश कुकुनूरच्या ‘इक्बाल’ने मात्र आपल्याला पुन्हा शेतकऱ्याच्या घरात आणले. श्रेयस तळपदेचा मूकबधिर इक्बाल वेगवान गोलंदाज व्हायला निघाला आहे. बाप म्हणतो शेती बघ. आई क्रिकेटवेडी, बहीण त्याची वाचा, आणि गोठ्यातल्या म्हशींना क्रिकेटपटूंची नावे. बापाला खलपुरुष न करता त्याची भीती खरी दाखवणे हे या चित्रपटाचे मोल. पावसावर जगणाऱ्या घरात एक काम करता हात कमी होणे म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नाही. पऱ्हाटीला पाणी नाही, बोंडे किडलेली, आणि पोरगा चेंडू टाकतोय, हे चित्र इथे घरोघर ओळखीचे होते.

२०१२ च्या ‘पान सिंग तोमर’मध्ये सैनिक खेळाकडे वळतो तो जेवणासाठी, कारण लष्करात खेळाडूच्या ताटाला मोजमाप नसते. पुढच्याच वर्षीच्या ‘भाग मिल्खा भाग’मध्ये फाळणीत घर गमावलेला पोर दुधाच्या पेल्यासाठी पळू लागतो. जिथे घरच उरले नाही तिथे लष्कर खुराक पुरवते, हे तिसरे उत्तर. आणि मग २३ डिसेंबर २०१६ रोजी ‘दंगल’ आला. हरियाणातल्या बलाली गावच्या महावीरसिंग फोगट यांनी आपल्या मुलींना कुस्ती शिकवली, थोरली गीता २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकली, ही त्याची मूळ हकीकत. नितेश तिवारींनी ती रचताना खुराकाला मध्यभागी आणले. बाप खाटकाशी कोंबडीच्या भावावरून घासाघीस करतो, आई आपल्या चुलीवर मांस शिजू देत नाही, आणि त्या घराचा आखाडा आधी स्वयंपाकघरात मांडला जातो. बापाची हुकूमशाही मला सलते, ती चित्रपट पुरेशी तपासत नाही. मुलींचे केस त्यांना न विचारता कापले जातात. कोवळ्या वयात बोहल्यावर चढणारी मैत्रीण त्या हुकूमशाहीची बाजू घेते, आणि तिच्या तोंडून ती बाजू नाकारता येत नाही, हे पटकथेचे कसब. शेवटच्या लढतीवेळी बाप खोलीत अडकतो, मुलगी त्याच्याविना जिंकते. प्रत्यक्षात तसे घडले नव्हते, ते लेखकांनी रचले, आणि योग्य केले. विजय मुलीचा व्हायचा तर बापाला मैदानातून हलवणे भाग होते. १९३१ चा बाप मुलाच्या डोळ्यांदेखत जिंकून मेला. २०१६ चा बाप न पाहता जिंकला.

ज्यांना घरच नाही त्यांचे काय, हे विचारणारा चित्रपट विदर्भातून निघावा हे मला साजेसे वाटते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले आणि त्यासाठी निवृत्तीचे पैसेही घातले. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी आला तो त्यांच्या कामावरून. त्यात अमिताभ बच्चन यांचा शिक्षक मुलांना खेळण्याचेच पैसे देऊ करतो. खेळाडूने खुराकासाठी कोणाचे दार वाजवायचे हा शतकांचा क्रम इथे फिरतो, देणारा स्वतः झोपडीच्या दाराशी येतो. चित्रपट संपताना मुलगा विमानतळावरच्या तपासणीच्या चौकटीपाशी अडखळतो, आणि त्या एका चौकटीत मला जिंकण्या-हरण्याच्या सगळ्या दृश्यांपेक्षा अधिक नाट्य दिसले.

आता आपण वर्तमानात, पुन्हा वऱ्हाडात येऊन पोचलो आहोत. विदर्भाने रणजी करंडक २०१७–१८, २०१८–१९ आणि २०२४–२५ असा तीनदा जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला, अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाच्या फलंदाजीचा आधार झाला. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी मुष्टियोद्ध्यांसाठी ओळखली जाते. मे २०२५ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषक टप्प्यात अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने वैयक्तिक सुवर्ण जिंकले, अंतिम फेरीत १३९–१३८, म्हणजे एका गुणाने. कंपाउंड धनुष्य आज काही लाखांत जाते, बाण, प्रवास आणि सरावाचा खर्च वेगळा. सोयाबीन आणि तुरीच्या भावावर वर्ष काढणाऱ्या जिल्ह्यातून असे खेळाडू निघतात तेव्हा प्रत्येकामागे एखादे खर्डेकरांचे घर असते. ते कोणाचे, हे बातमीत येत नाही. शिवाय ज्या घरात खुराक शिजतो तिथे तो शिजवणाऱ्या बाईची गोष्ट आपल्या चित्रपटांनी अजून सांगितलेली नाही. ‘साहेब’मधली वहिनी, ‘इक्बाल’मधली आई, ‘दंगल’मधली आई या तिघी कथेच्या कडेला उभ्या आहेत. दमयंतीने नलाला परत मिळवले ते स्वतःच्या बुद्धीने, ती कथेच्या मध्यभागी होती. एवढ्या शतकांत आपण तिला कडेला सरकवले, हे या प्रकारातले मला सर्वांत मोठे नुकसान वाटते.

आणि दुसरे एक काम इथेच पडून आहे. अमरावतीच्या दोन भावांनी काढलेल्या आखाड्यातली पोरे १९३६ मध्ये बर्लिनला कशी गेली, त्यांच्या आयांनी त्यांना बोटीवर धाडताना काय सोबत बांधून दिले, परत आल्यावर गावाने त्यांना काय विचारले, यावर कथापट झालेला माझ्या पाहण्यात नाही. मंडळ उभे आहे. संस्थापकांच्या कुटुंबातले प्रभाकरराव वैद्य यांनी ते पुढे अनेक दशके सांभाळले, २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबाचे खांब तिथे अजून तेल पितात, पहाटे मुले-मुली त्यांवर चढतात. त्या विषयावर चित्रपट करू पाहणाऱ्याने सुरुवात बर्लिनच्या मैदानापासून करू नये, १९३६ च्या अमरावतीतल्या एखाद्या स्वयंपाकघरापासून करावी, आणि तिथल्या बाईला वऱ्हाडीतच बोलू द्यावे.